पहिली पेंढी

बांदा, १० मार्च १९५८

चि. धोंडूस,

जानकीअक्काचे आशीर्वाद. तुझी खुशाली विचारत नाही. विचारली की तू "ठीक आहे" एवढंच लिहितोस, आणि तेवढ्यासाठी एक कार्ड फुकट घालवतोस.

शिमग्याच्या सणाला आम्ही तिघं आरोंद्याला जाऊन आलो. मी, तुझे भावजी आणि तुझी सुगंधा. श्रावणात विमला गेली, दिवसकार्य उरकून तू कुलूप घातलंस, ते मी आता काढलं. कुलूप गंजलं होतं. काशीबाईने शेजारून खोबरेल आणून दिलं तेव्हा कुठे उघडलं. आत सगळं जागच्या जागी आहे. चुलीजवळ फुंकणी आहे, फळीवर पाटी आहे. उंदरांनी मात्र खाल्लं तेवढं खाल्लं, आणि उरलं त्यावर संसार थाटला.

पण धोंडू, छप्पर बघवत नाही रे. गेल्या वर्षीचं गवत काळं पडलंय, मागल्या दारावर तर छप्पर खाली बसलंय. दोन वाशांची टोकं वाळवीने खाल्ली. शाकारणी करणारा महादू बघायला आला, त्याने वाशात बोट घातलं तर बोट आत गेलं. म्हणाला, "जानकीबाय, ह्या पावसात मागली भिंत बसतली. मातयेची भिंत ती, एकदा भिजली काय आटापलां."

तेव्हा मिरगाच्या आधी घर शाकारायला हवं. पेंढा भावजींनी बांद्याहून पाठवायचं कबूल केलंय. तू कधी येतोस ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे सुंभ भिजत घालायला सांगते.

सुगंधा बरी आहे. घरात शिरल्याशिरल्या तुळशीकडे पळाली आणि कोरड्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तुझी
जानकीअक्का

---

मुंबई, २४ मार्च १९५८

ती. अक्कास,

पत्र मिळाले. मी ठीक आहे.

घर या वर्षी शाकारू नये. तसेच राहू दे. पेंढा भावजींनी गुरांना घालावा. सुगंधास आशीर्वाद.

धोंडू

---

बांदा, ३१ मार्च १९५८

चि. धोंडूस,

तुझं पत्र वाचायला मला चष्मा काढून पुसायलाही वेळ मिळाला नाही, तेवढ्यात ते संपलं. "पेंढा गुरांना घालावा." भावजींच्या घरी गुरं आहेत का रे? त्यांचं दुकान आहे. तराजू आणि मापं काय पेंढा खाणार?

इथे सगळीकडे पावसाळ्याची धावपळ लागलीय. माझ्या सासूबाईंनी कोकमाची सोलं वाळत घातलीत आणि दिवसभर काठी घेऊन त्यांची राखण करतायत. शेणी थापून झाल्या, लाकडं पडवीत रचून झाली. बाजारात सुके बांगडे आले. मी तुझ्यासाठीही घेऊन ठेवले होते, पण आता विचार करते, कोणाच्या घरात ठेवू?

महादूला मी म्हटलं, धोंडू येत नाही तर तू चढ. चढायला तो तयार आहे. पण तुला त्याचं ठाऊक आहे. म्हणतो, घरधनी नाही, घरधनीण नाही, मग पहिली पेंढी वर द्यायची कोणी? मी म्हटलं, मी देते. त्याच घरात जन्मले मी, माझ्या आईने त्याच ओट्यावर उभं राहून बाबांना पेंढी दिलेली मी बघितलीय. तर मान हलवून म्हणतो, "तुमी भायल्या घरची झाल्यात, बाय. तुमचो हात नाय चलाचो." मला असा राग आला म्हणून सांगू! घर पडलेलं चालतं, माझा हात चालत नाही.

धोंडू, नीट वाच. विमलाची आई खाडीच्या पलीकडे, पोर्तुगिजांच्या हद्दीत. हद्द बंद, म्हणून तिला मुलीचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही, आता नातीकडे तरी ती कशी येणार? तेव्हा सुगंधाला आजोळ नाही. आई नाही. बाप कार्डावर आशीर्वाद पाठवतो. राहिलं ते घर, आणि तू म्हणतोस तेही राहू दे. एक पावसाळा उघडं राहिलं तर दिवाळीला तिथे मातीचा ढीग असेल आणि त्यावर टाकळा उगवेल. उद्या पोर मोठी झाली आणि कोणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर काय सांगेल ती?

लगेच लिही. आणि कार्ड नको, पाकीट घाल.

जानकीअक्का

---

मुंबई, २० एप्रिल १९५८

ती. अक्कास,

पाकीट घातले आहे. लिहिण्यासारखे फार नाही.

मी सकाळी गोदीत जातो, संध्याकाळी येतो. खानावळीत जेवतो. जेवणात मीठ जास्त पडले असे बाकीचे ओरडतात तेव्हा मला कळते की ते जास्त पडले होते. तब्येत चांगली आहे. खोलीत गळत नाही, वर दोन मजले आहेत.

सुगंधा तुमच्याकडे नीट आहे, भावजी तिचे लाड करतात, हे मला माहीत आहे. मग घर कोणासाठी शाकारायचे? मी पुष्कळ विचार केला असे म्हणणार होतो, पण विचार केला नाही. विचार करायला बसलो की मी नुसता बसलेलाच असतो.

महादूवर रागावू नकोस. तो बरोबर बोलतो.

धोंडू

---

बांदा, २६ एप्रिल १९५८

धोंडू,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, तो तेवढा समजून घे.

आपल्या आरोंद्याचा भाई लग्नासाठी मुंबईहून आलाय. काल बाजारात भेटला. तुझी चौकशी केली तर उगाच चुळबुळ करायला लागला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, रविवारी तो तुझ्या खोलीवर आला होता, तेव्हा तुझ्या दोरीवर बाईमाणसाचं लुगडं वाळत होतं. हिरवं. ओलं.

मी तिथेच हातातली पिशवी खाली ठेवली. आता सगळं लक्षात आलं. म्हणून घर नको, म्हणून पेंढा गुरांना. मीठ कळत नाही म्हणे!

दुसरं लग्न करायचं तर कर की. बायको गेलेला पुरुष जन्मभर खानावळीत जेवावा असं मी म्हणणार नाही. मीच मुलगी बघितली असती. पण वर्ष सरायच्या आधी, चोरून, बहिणीला एक अक्षर न कळवता? आणि पोरीचं काय? तिला मी काय सांगू? ती रोज टपालवाल्याची घंटा ऐकली की ओटीवर येऊन उभी राहते, तुला माहीत आहे का?

कोण ती बाई, एवढं कळव. बाकी मला काही नको.

जानकी

---

मुंबई, २ मे १९५८

ती. अक्कास,

लुगडे विमलाचे आहे.

कार्य झाल्यावर निघताना मी ट्रंकेत घालून आणले. तुला सांगितले नाही, कोणालाच सांगितले नाही. इथे ट्रंक दमट होते, कपड्याला बुरशी धरते, म्हणून दर रविवारी ते धुतो आणि दोरीवर घालतो. पहिल्यांदा धुतले नव्हते तोवर त्याला तिचा वास होता. आता साबणाचा येतो. तरी धुतो. रविवारी दुसरे काही करायचे नसते.

भाईवर रागावू नकोस, त्याने पाहिले ते सांगितले. तुझ्यावरही माझा राग नाही. राग यायला हवा होता असे वाटले, पण आला नाही. मला रडूही येत नाही अक्का. ती गेली त्या दिवशी आले नाही, कार्याला लोक माझ्या तोंडाकडे बघत होते तेव्हाही नाही. सुगंधा रडत होती आणि मी तिच्याकडे दुसऱ्याच्या पोरीकडे बघावे तसा बघत होतो. ते मला आठवते. म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही. काय लिहू?

आता घराचे सांगतो, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस.

दर वर्षी वैशाखात मी वर चढायचो आणि विमला खालून पहिली पेंढी द्यायची. मी खाली हात करायचो, बघायचोसुद्धा नाही, हातात पेंढी यायची. आणि दर वर्षी ती एकच वाक्य बोलायची. "धरा. वर वारो खाव नकात. बेगीन उतरा." महादू हसायचा. मीही हसायचो. लग्न झाल्यापासून एकाही वर्षी तिने ते चुकवले नाही. गेल्या वर्षी तिला कणकण होती, तरी म्हणाली.

मी वर चढेन, त्याचे काही नाही. पण खाली हात करीन तेव्हा खाली कोण असेल? म्हणून लिहिले, शाकारू नये.

धोंडू

---

बांदा, ८ मे १९५८

चि. धोंडूस अनेक अनेक आशीर्वाद.

बाळा, मी चुकले. तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवायला घेतलं आणि लुगड्यापाशी मला पुढे वाचवेना. त्यांनी उठून माझ्यासाठी पाणी आणलं. भाईला मी गाठून सांगितलं की तोंड आवर. तो बिचारा कान धरून उभा राहिला.

तू एवढं लिहिलंस, तर मीही लिहिते. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

माझ्या घरात पाळणा हलला नाही, ते तुला नव्याने सांगायला नको. सुगंधा आली त्याला आता बरेच महिने झाले. दिवाळीपासून ती मला आई म्हणते. विमलाला ती आये म्हणायची, मला आई म्हणते. मी तिला सांगते, "आत्ये म्हण गो." पण हळू सांगते. तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

शिमग्याला तुझं छप्पर बसलेलं बघितलं, महादू म्हणाला भिंत बसणार, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की घर पडलं तर धोंडू परत यायचा नाही, आणि पोर कायमची माझी. खरंच आलं. तुळशीपाशी ती तांब्या घेऊन उभी होती आणि माझ्या मनात हे आलं. मला माझीच भीती वाटली, धोंडू. म्हणून घरी येऊन त्याच आठवड्यात तुला पत्र घातलं, आणि मग हात धुऊन तुझ्या मागे लागले. तुला वाटलं असेल अक्काला घराची काळजी. घराची होतीच. पण मला ती पोर हवी होती, आणि ती तुझी आहे.

आता ऐक. घरधनीण नाही असं तू आणि महादू दोघं म्हणता. आहे की. तुझ्या गुडघ्याच्या वर आलीय आता. तिचा हात छपरापर्यंत पोचणार नाही, तर तिला पालथ्या उखळावर उभी करायची. भायल्या घरची ती अजून झालेली नाही, तेव्हा महादूला बोलायला जागा नाही.

वेंगुर्ल्याची शेवटची बोट महिनाअखेरीच्या आत सुटेल. ती गेली की आगबोट बंद ती गणपतीनंतरपर्यंत. ती चुकवू नकोस. रडू येत नसेल तर नको येऊ दे, कोणी बघत बसणार नाही. तू ये फक्त.

जानकीअक्का

---

आरोंदा, २ जून १९५८

ती. अक्कास,

सा. न. घर शाकारून झाले. मागल्या बाजूचे दोन वासे बदलले, आढ्यावर माडाचे विणलेले झाप घालून सुंभाने आवळले. पाऊस आत येऊ नये म्हणून ओटीपुढे झडी बांधली. भावजींनी पाठवलेला पेंढा पुरून उरला, उरलेला मागच्या खोपटात, मांगरात ठेवला आहे. लाकडे काशीबाईच्या मुलाने फोडून दिली. तू भावजींबरोबर पाठवलेले सुके बांगडे आणि सोले माळ्यावर टांगली.

भावजी सुगंधाला घेऊन आले तेव्हा मी अंगणाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. मागून तू येशील असे वाटले होते. भावजी म्हणाले, तिला घरी काम आहे. मी समजलो.

पहिले दोन दिवस पोर माझ्याजवळ आली नाही. काशीबाईच्या पाठीमागे उभी राहून बघायची. तिने काशीबाईला विचारले, "ह्यो पावणो कधी जातलो?" काशीबाई माझ्या देखत तिच्यावर ओरडली. मी म्हटले, ओरडू नको, ती बरोबर विचारते. मला त्याचे काही वाटले नाही. काही वाटत नाही याचे तेवढे वाईट वाटले.

परवा सकाळी मी वर चढलो. महादू मागच्या बाजूला होता. मी जुने गवत काढून खाली टाकले, वासे झाडले. भावजींनी सुगंधाला उखळावर उभी केली आणि तिच्या हातात एक लहानशी पेंढी दिली. मला खाली बघायचे नव्हते. मी नेहमीसारखा नुसता हात खाली केला.

हात बराच वेळ रिकामा होता. मग पेंढी लागली. आणि खालून ती म्हणाली,

"धरा. वर वारो खाव नकात. बेगीन उतरा."

तशीच. मला "तू" नाही, "तुमी". आपल्याकडे बापाला पोर असे कधी बोलते? तिच्या आयेने जसे म्हटले तसे, त्याच चालीवर, शेवटचा शब्द लांबवून.

महादूचे हात थांबले. मी पेंढी धरून आढ्याला टेकलो आणि मला रडू आले. विमला गेल्यापासून पहिल्यांदा. लपवायला जागा नव्हती, छपरावर माणूस सगळ्या गावाला दिसतो. पाणंदीतून जाणारी माणसे उभी राहिली. मी रडत होतो आणि ती खालून परत परत सांगत होती, "बेगीन उतरा, बेगीन उतरा," कारण तिला वाटले मी पडेन. उतरलो तेव्हा तिने माझे धोतर धरले ते जेवणापर्यंत सोडले नाही.

तू तिला शिकवलेस का? रागाने विचारत नाही.

सुगंधा इथेच राहील. गोदीतली नोकरी मी सोडून आलो आहे. रेडीला बोटीत खनिज भरायचे काम पाऊस संपल्यावर निघेल, तिथे एकाने शब्द दिला आहे. तोवर शेत आहे. काशीबाई दोन वेळा येऊन बघून जाते.

तुझा
धोंडू

---

बांदा, १५ जून १९५८

चि. धोंडूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. विमलाच्या शपथेवर सांगते, मी शिकवलं नाही. तुझं ते पत्र मी तिच्यासमोर उघडलंही नव्हतं. दर वर्षी शाकारणीला ती आयेचा पदर धरून खाली उभी असायची ना, तिथेच शिकली.

तू रडलास ते बरं झालं.

इथे पाऊस आहे. मी ठीक आहे. तिची परकराची घडी इथेच राहिली होती, ती भावजींबरोबर पाठवते. पोर भातावर ताक घेत नाही, डाळ घाल. केस विंचरताना डाव्या बाजूला गुंता होतो, तिथे खोबरेल जास्त लाव. टपालवाल्याची घंटा झाली की मी ओटीवर जाते. बाकी लिहिण्यासारखं फार नाही.

जानकी

---

आरोंदा, २० जुलै १९५८

ती. अक्कास,

तुझे पत्र वाचले आणि मला माझीच पत्रे आठवली. "मी ठीक आहे. लिहिण्यासारखे फार नाही." ते मी लिहायचो. तू लिहू नकोस.

इथे पंधरवडाभर ऊन नाही. खाडीचे पाणी भाताच्या कुणग्यांत आले होते, पण लावणी वाचली. मागची भिंत कोरडी आहे, मी रोज हात लावून बघतो. फक्त ओटीच्या कोपऱ्यात थोडे ठिबकते. सुगंधाची पेंढी तिथेच लावली आहे, आणि मी ती लावताना डोळ्यांना दिसत नव्हते. खाली भांडे ठेवले आहे. भांडे भरले की ती मला हाक मारून सांगते, आणि ते ओतायचा मान तिचा.

विमलाचे लुगडे काशीबाईला दिले. तिने जुन्या धोतरांचे थर आत घालून वाकळ शिवली. झड लागली की गारठा पडतो, तेव्हा पोर ती पांघरते. ट्रंकेत बुरशी धरण्यापेक्षा बरे.

आता तुझ्यासाठी लिहितो. परवा ती पायरीवर घसरली, गुडघा फुटला. मी उचलायला गेलो तर मला ढकलून "आई, आई" म्हणून रडायला लागली. काशीबाईने माझ्याकडे बघितले. तिला वाटले, पोर विमलासाठी रडते. मला ठाऊक आहे, विमला आये होती. ही हाक तुला होती. इथून बांद्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोराने मारत होती.

तिला आत्ये म्हण असे मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. हळूसुद्धा नको.

पाऊस जरा उघडला की ये आणि राहा. भावजींना म्हणावे, दुकान त्यांनी बघावे. आणि दिवाळी झाली की अंगण सारवून खळे करायचे आहे. यंदा तुळशीचे लग्न अंगणात करू, झापांचा मांडव घालू. मी वर चढेन. पहिला झाप खालून तू द्यायचा. महादूशी मी बोललो आहे. तो डोके खाजवून म्हणाला, "बाय भायल्या घरची." मी म्हटले, बायचे घर हेच. मग त्याने झाप किती लागतील ते विचारले.

मी हात खाली करीन, अक्का. तू खाली उभी राहा.

तुझा
धोंडू